ढालीपुढचा नारळ

मंडईच्या दिवशी चैतराम फुंड्यांच्या घरी किती पाहुणे येतील, याचा अंदाज आजवर कोणाला बांधता आला नव्हता. दिवाळी सरली, हलका धान कापून खळ्यावर आला, की आमगावच्या आसपासची गावं आपापला वार धरून मंडई म्हणजे एका दिवसाची जत्रा भरवतात, आणि ज्या गावची मंडई त्या गावातल्या चुलींना त्या दिवशी विझायची सोय नसते. लेकी येतात, जावई येतात, जावयांचे मित्र येतात, आणि ज्यांचं नातं लावायला पणजोबापर्यंत जावं लागतं तेही हक्काने येऊन बसतात. चैतरामांच्या बायकोला, देवकाबाईला, हे सगळं आवडायचं. घर पाहुण्यानं मोठं होते, असं ती म्हणायची आणि कपाळाचा घाम पुसून वड्यांचा पुढचा घाणा तेलात सोडायची.

यंदा तिचं मन वड्यांत नव्हतं. घर जागं व्हायच्या आधी ती सुनेला घेऊन न्हाणीकडे गेली आणि परतली ती पदराखाली काहीतरी झाकून. धानाच्या कोठीशेजारच्या खोलीत दार लोटून तिने ती पट्टी खिडकीच्या उजेडाला धरली.

“हे पाय,” ती म्हणाली. “दोन रेघा. परवाच्यापरीस ठसठशीत.”

दामिनीने पट्टी हातात घेतली आणि बराच वेळ परत दिली नाही.

देवकाबाई गावची आशाताई. कोणाला दिवस गेले तर नवऱ्याच्या आधी तिला कळायचं, कारण पट्टी तिच्याच पिशवीतून निघायची. दोन रेघा म्हणजे पेढे, एक रेघ म्हणजे पुढचा महिना, हे तिने कितीतरी घरांत सांगितलं होतं. स्वतःच्या सुनेपाशी मात्र लग्नाला सहा वर्षं होईपर्यंत तिला एकच रेघ पाहावी लागली. दिवाळीच्या तोंडावर पहिल्यांदा दुसरी उमटली. मग दामिनीच्या पोटात कळ आली, डाग दिसला, आणि तिचा नवरा प्रफुल तिला गोंदियाला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईने सोनोग्राफी करून सांगितलं की गर्भ पिशवीत नाही, नळीत अडकला आहे. तिथे तो जगू शकत नाही, आणि वाढला तर नळी फुटून बाई जाईल. अजून लहान आहे तोवर इंजेक्शनने विरघळवता येईल. प्रफुलने सही केली, इंजेक्शन झालं, आणि मग त्याने आईला फोन केला.

आधी का नाही केला, ही गाठ देवकाबाईच्या मनात बसली ती बसलीच. गावातल्या बाया गोळी घ्यायची तरी तिला विचारून घेतात, आणि पोटच्या पोराने एवढं मोठं काम परस्पर उरकलं.

आठवड्याने रक्त तपासलं तेव्हा जे उतरायला हवं होतं ते उतरलं नव्हतं, उलट थोडं चढलं होतं. डॉक्टरीणबाईने दुसऱ्या इंजेक्शनला बोलावलं, ते नेमकं मंडईच्या दिवशी. रक्तात गर्भाचा अंश आहे तोवर पट्टीवर दुसरी रेघ येतच राहील, तिला भुलू नका, असंही बजावलं. पण बजावलं प्रफुलला, आणि प्रफुलचं ऐकायला त्या घरात सध्या कोणी तयार नव्हतं. रक्तात चढलं याचा देवकाबाईने एकच अर्थ लावला. इंजेक्शन बाधलं नाही, लेकरू तगलं, आणि हळूहळू आपल्या जागी सरकून राहिलं.

नळीतला गर्भ तिला ठाऊक नव्हता असं नाही. ट्रेनिंगमध्ये चित्र काढून दाखवला होता. पण ट्रेनिंगमधली बाई परकी असते, तिच्याबद्दल सगळं पटतं. शिवाय मशीनही चुकतं. गल्लीतल्या दुर्गाला मशीनवर ठोका दिसला नव्हता, आणि तिची खुशबू आता सायकलवर शाळेत जाते. देवकाबाईने हे उदाहरण आठवडाभरात इतक्यांदा सांगितलं होतं की खुशबूलाही आपण कोणीतरी मोठे आहोत असं वाटू लागलं असावं.

तिने पिशवीतून फॉलिकची गोळी काढली. गर्भार बाईची गोळी. डॉक्टरीणबाईने ती बंद करायला सांगितली होती, कारण तिने इंजेक्शनचा जोर मोडतो. देवकाबाईला ते माहीत होतं आणि दामिनीलाही माहीत होतं. तरी सासूने गोळी तळहातावर धरली तेव्हा सुनेनेच हात पुढे केला. चार दिवस हे असंच चाललं होतं.

“प्रफुलले सांगू नोको,” देवकाबाई म्हणाली.

“नाई सांगत, आत्याजी.”

लग्नानंतर इतक्या वर्षांत त्या दोघींचं एवढं कधी जमलं नव्हतं.

*

प्रफुल आमगावच्या राइस मिलमध्ये मशीन चालवायचा. सकाळची पाळी अर्धी टाकून, मालकाची गाडी मागून तो आला, पण गाडी फाट्यावरच ठेवावी लागली. गावातला रस्ता दुकानांनी भरला होता. उकडलेले शिंगाडे, ऊस, मुरमुरे, बांगड्या, पोरांच्या पिपाण्या. त्यातून वाट काढत तो घरी पोचला तेव्हा अंगणात पंगत बसली होती आणि आई तेलासमोरून हलायला तयार नव्हती.

त्याने तिला खळ्यावर बोलावलं. धानाच्या भाऱ्यांचं पुंजणं तिथे उंच रचलेलं होतं, त्याच्या आडोशाला मायलेकांचं जे व्हायचं ते झालं. तो म्हणाला, आज इंजेक्शन घ्यायचं आहे, उशीर नको. ती म्हणाली, आज घरात पाहुणे आहेत आणि इंजेक्शन घ्यायचंच नाही, आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं. तो म्हणाला, डॉक्टर तुझ्यापेक्षा शिकली आहे. हे त्याने बोलायला नको होतं. गावात पन्नाशीच्या बाईला तिच्या कामावरून बोलणं म्हणजे पेटत्या चुलीत हात घालणं.

“तुज्यासारकी किती पोरं माज्या हातावर दवाखान्यात पोचली,” देवकाबाई म्हणाली. “मले शिकवून नोको राहू. एकदा मारलंस, दुसऱ्यांदा मारू नाई देनार.”

मारलंस, हा शब्द आठवडाभर घरात फिरत होता, तो आज तोंडातून बाहेर पडला. 

रुचिका, त्याची मोठी बहीण, पदराला हात पुसत आली. ती गोंदियात दिलेली, बोलण्यात निम्मी हिंदी, आणि माहेरी आली की आईच्या बाजूची. “भाई, एक दिन से क्या होता है?” ती म्हणाली. “वहिनी खुद बोलून राहिली, बरं वाटून राहिलं म्हणून.” मग चैतरामांना बोलावलं गेलं, कारण भांडण कितीही झालं तरी शेवटचा शब्द त्या घरात अजून म्हाताऱ्याचाच होता. ते आले, तिघांचं ऐकलं, पुंजण्यातून खाली आलेली एक लोंबी उचलून हातावर चोळली.

त्यांना बायकोने पहाटेच सांगितलं होतं. सहा वर्षं त्यांनी नातवाचं नाव काढलं नव्हतं. सून ऐकेल म्हणून दुसऱ्यांच्या नातवंडांचं कौतुकसुद्धा घराबाहेर जाऊन करायचे. आज पहाटेपासून त्यांना भूक लागली नव्हती, इतका आनंद झाला होता.

“मंडई होऊन जाऊ दे,” ते म्हणाले. “उद्या सकारी जाऊ. मी बी येतो.”

प्रफुल एकटा पडला. राहता राहिली दामिनी. ती आपल्या बाजूने बोलेल, अशी त्याला आशा होती. कोठीजवळच्या खोलीत ती खाटेवर पडली होती, उशीशी कुंकवाची वाटी, कपाळावर कोणी बाई लावून गेलेलं मोठं कुंकू.

“गाडी आनली आहे. चाल.”

“उद्या जाऊ.”

“आज सांगतलं आहे तिनं.”

“तुमी रेघ पायली का?”

“पायली. तिनं सांगतलं होतं, येईनच म्हनून.”

दामिनीने त्याचा हात धरून त्याला खाटेच्या माच्यावर बसवलं. तिचं माहेर दरेकशाचं. लहानपणी बायांबरोबर टेंभरं वेचायला जंगलात गेली आणि हरवली, ही गोष्ट तिची माय प्रत्येक पाहुण्याला सांगायची. सगळं गाव शोधत फिरलं, माय डोकं आपटून रडली, आणि दिवस कलल्यावर ही एवढीशी पोरगी रेल्वेचे रूळ धरून स्टेशनात येऊन उभी राहिली. प्रफुलने ती गोष्ट लग्नाच्या मांडवातच ऐकली होती.

“मले रस्ता कोनं सांगतला होता?” दामिनी म्हणाली. “कोनंच नाई. तरी आली ना मी घरी? त्याले बी येऊ द्या. थोडा वेळ द्या त्याले.”

“तू जितं मानूस होतीस,” प्रफुल म्हणाला. “तुले पाय होते.”

तिने हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.  बाहेर ढोलाचा आवाज जवळ येत होता. चुकलंच होतं त्याचं, आणि खरंही बोलला होता, आणि दोन्ही एकदम झालं की माणसाने काय करायचं ते त्याला कळेना.

“मले लेकरू नोको आहे असं वाटते का तुले?” तो म्हणाला. “मी मिलमध्ये मशीनच्या आवाजात रडतो, दामिनी. तिथं कोनाले ऐकू येत नाई. मले लेकरू पायजे. पन तुज्याबिगर नोको.”

तिने मान वळवली नाही. वळवली असती तर ती त्याच्याबरोबर गेली असती, आणि तिला जायचं नव्हतं.

*

मंडईत ढाल आली की बाकी सगळं थांबतं. गुरं राखणाऱ्या गोवाऱ्यांची ती ढाल म्हणजे कापड गुंडाळलेला उंच बांबू, शेंड्याला मोरपिसांचा झुबका. ढोल-बासरीच्या तालावर ती घरोघर फिरते, बाया तिला कुंकू लावतात, गोवारी दोहे म्हणतात. दिवस मावळेपर्यंत ती जमिनीला टेकू द्यायची नाही, असा या गावाचा नेम. एकाचा खांदा दुखला की दुसरा पुढे होतो. आणि घरचा कर्ता तिच्यापुढे नारळ फोडतो, तेव्हा ढाल धरणारा केवलराम दरवर्षी तोच प्रश्न विचारतो.

“नारळ कोनाच्या नावाचा, चैतरामभाऊ?”

उत्तरही दरवर्षी तेच असे, घराच्या नावाचा. चैतरामांनी नारळ हातात तोलला. अंगणात लेकी, जावई, पाहुणे, निम्मं गाव उभं होतं. देवकाबाईने डोळ्यांनी खुणावलं की नाही, यावर नंतर घरात पुष्कळ बोलणं झालं. ती म्हणे, मी खुणावलंच नाही. पण म्हाताऱ्याला खुणेची गरज नव्हती.

“येनाऱ्याच्या नावाचा,” ते म्हणाले.

एक क्षण ढोल चुकला, मग दुपटीने वाजू लागला. केवलरामने तिथल्या तिथे दोहा जुळवला, फुंड्यांच्या घरी पाळणा, पाळण्यात पाटील, असं काहीतरी. आयुष्यात कधी न नाचलेल्या चैतरामांनी ढालीखाली एक गिरकी घेतली. उरलेलं काम रुचिकाने केलं. कोणाला सांगू नका म्हणत तिने बांगड्यांच्या दुकानापासून शिंगाड्यांच्या ढिगापर्यंत सगळ्यांना सांगितलं. बाजारात तुरी म्हणतात ना, तशातली गत, पण त्या दुपारी फुंड्यांच्या अंगणात ते कोणाला सुचणार?

प्रफुल उसाच्या गाड्यापाशी उभा होता. एका अनोळखी माणसाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि अभिनंदन केलं. प्रफुलने त्याचे आभार मानले, कारण दुसरं काय करायचं हे त्याला सुचलं नाही.

*

खोलीत बाया एकामागून एक येत होत्या. कोणी दामिनीच्या कपाळाला कुंकू लावलं, कोणी गालावरून हात फिरवून बोटं मोडली. रुचिकाने नारळाचा तुकडा तिच्या मुठीत दिला. दामिनी सगळ्यांकडे पाहून हसत होती. सहा वर्षं याच बाया तिला ओटीच्या वेळी हळूच दुसरीकडे बसवायच्या. आज त्यांच्या हातांचा वास घेत ती पडून होती आणि तिला वाटत होतं, हा दिवस संपू नये.

ढाल अंगणात होती तेव्हाच पोटात काहीतरी तुटल्यासारखं झालं होतं. एकच सणक, मग मंद दुखणं. ती घामेजली. तिला कळलं नाही असं नव्हतं. पण कळलेलं बोललं की खरं होतं, म्हणून ती बोलली नाही. वात असेल, वडा बाधला असेल. लेकरू जागा बदलत असेल तर दुखणारच की. तिने पाय पोटाशी घेतले आणि मनात त्याला म्हणाली, ये, रूळ सोडू नकोस.

गर्दी ओसरल्यावर देवकाबाई जेवणाचं ताट घेऊन आली. तिने वड्यांतले मऊ वडे निवडून आणले होते. दामिनी उठायला गेली आणि उठता आलं नाही.

“काऊन, का झालं?”

“काई नाई. कुशीवर निजली होती, तं खांदा भरून आला.”

देवकाबाईचा हात ताटासकट थांबला. “कोनता खांदा?”

“हा. इथं, टोकाले.”

“पोटात दुखून राहिलं का?”

दामिनीने पुन्हा पाय पोटाशी घेतले. देवकाबाईने ताट खाली ठेवलं आणि तिचा हात हातात घेतला. हात गार होता, नाडी भरभर चालली होती, ओठांचा रंग गेला होता. पोटाचं दुखणं तिने वात म्हणून सोडून दिलं असतं. चक्कर उपाशीपोटाची म्हटली असती. पण खांदा तिला कुठेच ढकलता येईना. ट्रेनिंगमधल्या त्या परक्या बाईचा असाच खांदा दुखला होता. पोटात रक्त साचलं की खांद्यात कळ येते, हे तिने स्वतः आमगावला सगळ्या जणींसमोर उभं राहून पाठ म्हणून दाखवलं होतं, आणि तिच्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या.

“आत्याजी,” दामिनी म्हणाली, “कोनाले सांगू नोका. आजचा दिवस जाऊ द्या.”

देवकाबाईला तो दिवस जाऊ द्यायचा होता. तिला वाटलं, दार लावून घ्यावं, पट्टी पुन्हा उजेडाला धरावी, अंगणातला ढोल असाच वाजत राहावा. एवढं तिने आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं. तिने सुनेच्या कपाळावरचं सगळं कुंकू आपल्या तळहाताने पुसून घेतलं, कारण घामाने ते डोळ्यांत उतरत होतं.

“नाई पोरी,” ती म्हणाली. “चुकलं माजं.”

ती बाहेर आली तेव्हा अंगणात जावयांची पंगत रंगात होती. तिने आधी एकशेआठला फोन लावला, गावाचं नाव दोनदा सांगितलं. मग ती पंगतीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. प्रफुल दाराशीच बसला होता, त्याच्याकडे पाहून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

“लेकरू नाई आहे. माजं पोरगं खरं सांगत होतं. खाट उचला, नाईतं सून बी जाते.”

 चैतराम ताटावरून उठले आणि हात न धुता आत गेले. सुनेच्या खोलीत त्यांनी आजवर पाऊल टाकलं नव्हतं. आज त्यांनी खाटेचा पुढचा पाय धरला, दुसरा प्रफुलने.

“भारी लागन, मामाजी,” दामिनी म्हणाली.

“धानाचे भारे उचलतो मी,” ते म्हणाले. “निजून राहा.”

*

ॲम्ब्युलन्स फाट्यापर्यंत आली आणि तिथेच अडकली, कारण पुढे सगळी मंडई भरलेली. मग खाट त्या गर्दीतून न्यावी लागली. आधी कोणी बाजूला होईना. कोणी दारू पिऊन पडला असेल असं लोकांना वाटलं, मंडईत तेही नवं नसतं. पिपाण्या वाजत होत्या, जिलेबीची कढई वाटेतच होती, आणि रुचिका पुढे होऊन “रास्ता दो, रास्ता दो” करत रडत होती. दुपारी जिथे जिथे तिने बातमी पेरली होती, नेमक्या त्याच दुकानांवरून तिला परत जायचं होतं.

चौकात गोवारी नाचत होते. केवलरामने खाट पाहिली, खाटेचा पाय धरलेले चैतराम पाहिले, आणि हात वर केला. ढोल थांबला. मग त्याने ती उंच ढाल खांद्यावरून उतरवली आणि पानाच्या दुकानाला टेकवून जमिनीवर ठेवली. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं. दिवस मावळायच्या आधी ढाल टेकलेली त्या गावात कोणी पाहिली नव्हती. गोवाऱ्यांनी खाटेला खांदे दिले, दोघे पुढे धावत दुकानांचे दोर सोडत गेले, आणि कढईवाल्याने चुलीसकट कढई ओढून घेतली.

“चैतरामभाऊ, पाय सोडा आता, आमी नेतो,” केवलराम म्हणाला.

चैतरामांनी सोडला नाही.

दामिनी उताणी पडून वर पाहत होती. फुगे, कापडी मंडप, वाकलेले चेहरे. दुपारी कुंकू लावून गेलेल्या बाया दोन्ही बाजूंना उभ्या होत्या आणि आता त्यांनी तोंडाला पदर लावला होता. एवढी शांत मंडई तिने कधी ऐकली नव्हती. तिच्या मुठीत नारळाचा तुकडा तसाच होता. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना प्रफुलने तिची मूठ उघडू पाहिली, पण तिने उघडू दिली नाही. देवकाबाई त्याला म्हणाली, राहू दे.

गोंदियाला पोचेपर्यंत नळी फुटून पोटात रक्त भरलं होतं. डॉक्टरीणबाईने ऑपरेशन करून ती नळी काढली. रुचिकाच्या नवऱ्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी रक्त दिलं. दामिनी वाचली. शुद्धीवर आल्यावर तिने मूठ पाहिली. ती रिकामी होती, आणि कोणीतरी तिचे हात स्वच्छ पुसले होते.

डॉक्टरीणबाईने मग विचारलं की इंजेक्शननंतर फॉलिकच्या गोळ्या तर घेतल्या नव्हत्या ना. खोलीत प्रफुल होता, चैतराम दाराशी होते.

“मी देल्या,” देवकाबाई म्हणाली.

“मी मागतल्या,” दामिनी म्हणाली.

डॉक्टरीणबाईने दोघींकडे पाहिलं. गोळ्या नसत्या तरी असं होतं कधीकधी, ती म्हणाली, नेमकं कशाने झालं ते कोणी सांगू शकणार नाही. दुसरी नळी चांगली आहे, वर्षभराने पाहू. प्रफुल उठून बाहेर गेला. चैतराम त्याच्यामागे गेले, आणि बापलेक चहाच्या टपरीवर किती वेळ उभे होते आणि काय बोलले ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. परत आल्यावर प्रफुलने आईच्या हातात चहाचा कप दिला. तिने तो घेतला आणि ती रडली.

*

उशिरा पिकणारा भारी धान मिलला गेला, शेताच्या बांध्यांत लाखोळीचं पीक हिरवं झालं. दामिनी अंगणात चालू लागली होती. रक्तातला अंश उतरत होता पण सावकाश, एकदा मध्येच थबकलासुद्धा, आणि घराने पुन्हा श्वास रोखला. शेवटच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाली की आता जवळजवळ काही उरलं नाही. पुढच्या आठवड्यात घरीच पट्टी लावा. एक रेघ आली की सुटलात, दोन दिसल्या तर तसेच निघून या.

मंडईपासून देवकाबाई गावात पट्टी द्यायला गेली की बाहेरच्या ओट्यावर थांबायची. रेघा आपण वाचत नाही, तुम्हीच वाचा, असं सांगायची. आज घरात तिला वाचायची होती. प्रफुल मिलला गेला नव्हता. चैतराम अंगणात तुटलेल्या दोरीला पीळ देत बसले होते आणि तीच दोरी पुन्हा सोडत होते. सहा वर्षं ज्या घराने दुसऱ्या रेघेसाठी नवस केले, ते घर आज ती येऊ नये म्हणून देवाला हात जोडत होतं.

पट्टी खिडकीच्या उजेडात ठेवली होती. दोघी खाटेवर बसून पाहत होत्या. ओल वर चढली, पहिली रेघ उमटली. तिच्याशेजारची जागा पांढरी राहिली.

बराच वेळ गेला. “एकच आहे,” देवकाबाई म्हणाली.

दाराबाहेर प्रफुलने ऐकलं आणि वडिलांना सांगितलं. “चांगलं झालं,” चैतरामांचा आवाज आला. “लय चांगलं झालं.” मग दोरी टाकून ते गोठ्याकडे निघून गेले.

दामिनी पट्टीवरून नजर काढत नव्हती.

“आत्याजी,” ती म्हणाली, “अजून थोडं थांबून पाहू का?”

एवढ्या वेळानंतर पट्टीवर जे दिसेल त्याला अर्थ नसतो, हे देवकाबाईने गावातल्या प्रत्येक बाईला समजावलं होतं.

“थांबू,” ती म्हणाली, आणि सुनेला टेकून बसली.